घरचा ग्रुप: लहान वहिनीचा रक्ताचा रिपोर्ट

दादा: चिमूरहून आत्ताच आलो. आज ९ तारीख, दर महिन्याच्या ९ ले असते तशी गरोदर बायांची फुकट तपासणी होती. बाळ चांगलं हाय. पण इचं रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, ८.४ ग्रॅम भरलं. मॅडमनं लोहाची लाल गोळी दिवसातून दोनदा सांगतली. काकू, लय कमी हाय का?

आत्या: पाचव्या महिन्यात इतकं तं होतेच बाप्पा. आमच्या वक्ती कोण रक्त मोजत होतं? बीट अन् खजूर खाऊ घाल. गोळ्यांनी बाळ मोठं होते, मंग बाळंतपण अडते.

मोठी वहिनी: आत्या, राग मानू नका, पण माह्या पहिल्या खेपेले मी हेच ऐकलं होतं. गोळ्या डब्यात तशाच राहिल्या. कच्चे तांदूळ अन् चुलीची माती खावीशी वाटे, घरचे म्हणत डोहाळे हायेत. नवव्या महिन्यात रक्त ६.२ निघालं. ज्या दवाखान्यात दाखवत होतो तिथं मधले चार महिने कोणी तपासलंच नव्हतं. रातच्या बारा वाजता चंद्रपूरले नेलं, दोन पिशव्या रक्त चढवलं. पोरगी दोन किलोची पण नव्हती. ते रात्र मी अजून विसरली नाही. लहानीवर तशी पाळी येऊ द्यायची नाही.

काकू: ड्युटीवर होती, आता वाचलं. दादा, गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्त कमीच. ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली गंभीर. म्हणजे ८.४ "चालते" असं नाही. पण पाचवाच महिना आहे, हातात वेळ आहे.

आत्या, तुमचं एक खरं आहे. गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढते म्हणून आकडा थोडा उतरतोच. पण ८.४ पर्यंत नाही. बाळ आईच्याच अंगातलं लोह घेते, शेवटच्या तीन महिन्यांत तर जास्तच. आईजवळच नसलं तर बाळ लहान राहते, दिवस भरायच्या आधीही होते. अन् बाळंतपणात थोडं रक्त गेलं तरी अशा बाईला सोसत नाही. गोळीनं बाळ अडण्याइतकं मोठं होत नाही, हे मी वीस वर्षांपासून घरोघरी सांगते आहे.

लहान वहिनी: काकू, गोळी घेतली का ओकारी येते. अन् संडास काळी झाली म्हणून घाबरून चार दिवस बंदच केली होती. कोणाले सांगतलं नाही.

काकू: अगं, सांगायचं ना! काळी होते ती लोहानंच, त्यात घाबरायचं काही नाही. जेवणानंतर एक-दीड तासानं घे, एक दुपारी अन् एक झोपायच्या आधी. लिंबूपाण्यासोबत घेतली तर अंगाला जास्त लागते. चहा किंवा दुधासोबत बिलकुल नको. कॅल्शियमची गोळी लोहासोबत घेऊ नको, दोन्हींत दोन तास तरी जाऊ दे. तुझ्या घरी जेवण झालं की चहा ठेवतात, तो आता तुझ्यासाठी बंद. पोट साफ नाही झालं तर पाणी वाढव. तरीही उलटी थांबली नाही तर मॅडमला सांग, गोळी बदलून देतील. स्वतःच्या मनानं सोडायची नाही. अन् बाळंतपण झाल्यावरही सहा महिने चालू ठेवायची.

आत्या: मंग बीट नाही द्यायचं?

काकू: द्या, पण ते लाल आहे म्हणून रक्त होत नाही. त्यापेक्षा अंबाडी, मेथी, तरोट्याची भाजी, बरबटी, अंडी, जमलं तर मटण. वरून लिंबू पिळा, संत्रं आहे, पेरू आहे. पण ८.४ चं ११ नुसत्या भाजीनं होणार नाही, त्याला गोळीच लागते. अन् दादा, कापूस वेचून आल्यावर ती सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवते, हे मी दिवाळीत पाहिलं. ते आधी बदला.

दादा: हो काकू. आजपासून ती आमच्यासोबतच बसन.

काकू: आणखी एक. सिकलसेल तपासलं का? आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार आहे तो. आपल्या भागात हे लय आहे. रक्त कमी असण्याचं कारण ते पण असू शकते, अन् सिकलचा आजार असला तर लोह किती द्यायचं ते डॉक्टरच ठरवतात.

दादा: इचं सॅम्पल घेतलं आज. माह्यं पण लागन का?

काकू: लागेल. तुम्ही दोघंही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसून तो दोष अंगात असलेले, निघाले तर प्रत्येक खेपेला चारातून एक बाळ आजारी होण्याची शक्यता असते. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, म्हणून लोक तपासत नाहीत. बोटाच्या रक्तावर पहिली तपासणी होते, त्यात काही दिसलं तर पुढची करतात.

मोठी वहिनी: अन् रक्त परत कधी मोजायचं?

काकू: महिन्यानं. निदान एक ग्रॅम तरी वाढायला पाहिजे. नाही वाढलं तर शिरेतून लोह देतात, दवाखान्यातच. जंताची गोळी दिली का विचारा, ती चौथ्या महिन्यापासून एकदा देतात. अन् मधात दम लागला, छाती धडधडली, चेहरा सुजला तर महिन्याची वाट पाहायची नाही, १०८ लावा.

दादा: सोमवारी जातो माह्यं सॅम्पल द्याले.

काकू: सकाळीच जाजो. तिचं माता-बाल कार्ड सोबत नेजो, आजचं ८.४ त्यावर लिहिलं की नाही ते पाहून घेजो.

आत्या: पोरी, रोज रात्री नऊ वाजता मी फोन करतो तुले. गोळी घेऊनच उचलजो.