मदत हवी आहे: तैलरंगात ढगातली तिरीप पेटतच नाही

नमस्कार मंडळी. जलरंगात बरीच वर्षं हात मारलाय, तैलरंग मात्र गेल्या दिवाळीपासून. क्लास वगैरे नाही, चुकत-माकत चाललंय. आता एका चित्रावर पार अडकलोय. घरचे "छान आहे की" म्हणतात, त्याचा काडीचा उपयोग नाही.

विषय असा: तिकोना पेठेच्या बाजूने, पवना धरणाच्या पाण्यापलीकडे दिसणारा तुंग किल्ला. जुलैतली संध्याकाळ, दिवसभर मळभ, डोंगर अर्धे ढगात. एकाएकी तुंगच्या डाव्या अंगाला ढग फाटला आणि उन्हाची तिरीप खाली लावणीच्या खाचरांवर उतरली. दोन-तीन खाचरं नुसती पेटली, बाकी सगळं काळंनिळं. दोन मिनिटांत खेळ खलास. मोबाइलवर कसाबसा फोटो मिळाला, त्यावरून चित्र करतोय.

कॅनव्हास १८ बाय २४ इंची, प्रयत्न तिसरा. टिटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अलिझरीन क्रिम्सन, अल्ट्रामरीन, सॅप ग्रीन, आयव्हरी ब्लॅक एवढे रंग आहेत. सोबत टर्पेंटाइन आणि जवसाचं तेल.

उन्हातली खाचरं उजळावीत म्हणून पांढरा घालतो, तर जितका घालावा तितकी ती मरतात. ऊन पडलंय असं वाटतच नाही, कुणीतरी चुना सांडलाय असं वाटतं. आभाळाचा राखाडी काळा-पांढरा मिसळून केला, त्याचं सिमेंट झालं. आणि ढगातून खाली येणारे किरण काढले तर बायको म्हणाली, "ही ट्यूबलाइट कुठून आली?" बरोबर होतं तिचं. पॅलेट नाइफने खरवडून टाकले.

शिवाय या हवेत पहिला थर आठवडा झाला तरी बोटाला लागतोय. काय चुकतंय? सरळ सांगा, वाईट वाटणार नाही.

जवसतेल: आधी एक करा. चित्राचा फोटो काढून मोबाइलमध्येच कृष्णधवल करा आणि काय दिसतं ते इथे लिहा. रंगांचं नंतर बघू.

धागाकर्ता: केलं. सगळं एकाच करड्या रंगाचं दिसतंय! तुंग, पाणी, आभाळ, सगळं सारखंच. खाचरं किंचित फिकी, एवढाच फरक. गंमत म्हणजे मूळ फोटोही जवळपास तसाच आहे.

जवसतेल: मग दुखणं सापडलं. हल्लीचे मोबाइल सावल्या आपोआप उजळवतात आणि आभाळ खाली आणतात, सगळं नीट दिसावं म्हणून. तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला झाकोळ त्या फोटोत उरलेलाच नाही, आणि तुम्ही नक्कल करताय ती फोटोची.

आता पांढऱ्याचं. ट्यूबमधल्या पांढऱ्याहून उजळ तुमच्याकडे काहीच नाही. खऱ्या उन्हाच्या तो जवळपासही जात नाही. त्यामुळे ऊन वर चढवता येणार नाही, बाकीचं चित्र खाली उतरवायचं. तुंग, अलीकडचा काठ, आभाळाचा वरचा भाग, सगळं आत्ता आहे त्याच्या दोन पायऱ्या गडद करा. कॅनव्हासचा फार तर दहावा हिस्सा उजळ राहू द्या. खाचरांना हातही न लावता ती पेटलेली दिसतील, पैज लावतो.

दुसरं म्हणजे, टिटॅनियम व्हाइट रंगाला थंड करतो आणि त्याचा कस काढून घेतो. संध्याकाळी तुंगकडे तोंड म्हणजे सूर्य समोर. भाताच्या रोपातून ऊन आरपार येतं, ते पान पिवळं-पोपटी दिसतं, पांढरं कधीच नाही. तिथे लेमन यलो, ऑकर आणि नखभर सॅप ग्रीन. पांढरा फक्त पाणी चमकतं तिथे, तोही ऑकरमध्ये मळून, तीळभर. तो जाड लावा आणि पुन्हा त्याला हात लावू नका. त्याच्या लगेच शेजारी अल्ट्रामरीन आणि अलिझरीनचा जांभळट गडद ठेवा.

काळी ट्यूब महिनाभर कपाटात टाका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा राखाडी करा, निळा वाढवला की थंड, सिएना वाढवली की उबदार. असे तीन ढीग आधीच पॅलेटवर कालवून ठेवा. कॅनव्हासवर कालवत बसलात की चिखल होतोच.

ठाण्याची मावशी: वरच्या दादांचं सगळं पटलं. माझी एक पुस्ती. एवढ्या मोठ्या कॅनव्हासवर शिकू नका हो! इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबल १८२१-२२ मध्ये लंडनजवळ हॅम्पस्टेडला जाऊन नुसती आभाळं रंगवत बसायचा, कागदावर तैलरंगात, झटपट. मागे तारीख, वेळ, वारा कुठला तेसुद्धा लिहून ठेवायचा. मी जाड कागदाला जेसोचे (रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात देते आणि गच्चीच्या दारात बसून अर्ध्या तासात एक आभाळ करते. दहातली आठ वाया जातात. पण दर फटकाऱ्यानंतर ब्रश जुन्या सुती साडीच्या चिंधीला पुसायची सवय त्यातूनच लागली, आणि माझा चिखल निम्मा तिथेच थांबला.

आणि डोंगराचा पाया माथ्यापेक्षा फिका ठेवा. पावसाळ्यात खाली धुकं असतं. बहुतेकजण उलटं करतात.

कोरडा ब्रश: किरणांबद्दल. सूर्याचे किरण खरे तर समांतर असतात, आपल्याला ते पसरलेले दिसतात ते रेल्वेच्या रुळांसारखे. म्हणून सूर्य ढगाआड असला तरी त्याची जागा पेन्सिलने ठरवा आणि सगळे किरण तिथूनच निघू द्या. ट्यूबलाइट होते ती कडा धारदार राहिल्यामुळे. खालचा थर पूर्ण वाळू द्या. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने, मागच्या ढगाहून जेमतेम एक पायरी फिका राखाडी हलकेच घासा आणि लगेच चिंधीने कडा पुसा. खाली येता येता किरण विरून गेला पाहिजे. दोन-तीन पुरेत.

वाळण्याचं: जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून हवा खेळती हवी. पहिला थर टर्पेंटाइनमध्ये पातळ, तेल जवळजवळ नाहीच. बर्न्ट अंबर आणा, तो लवकर वाळतो. अलिझरीन मात्र रेंगाळतो, तो खालच्या थरात नको. तेल वरच्या थरांत वाढवत न्यायचं, उलट केलंत तर पुढे तडे जातात. फारच घाई असेल तर अल्कीड मीडियम (तेलाऐवजी रंगात मिसळायचं, लवकर वाळणारं माध्यम) घ्या, पातळ थर साधारण दुसऱ्या दिवशी हाताळता येतो.

धागाकर्ता: दहा दिवसांनी येतोय. मावशींचं ऐकून कागदावर सहा तुकडे केले, पाच टाकाऊ. सहाव्यात आधी सगळं अंबर आणि अल्ट्रामरीनने काळवंडून टाकलं, इतकं की वाटलं हेही गेलं. मग खालच्या कोपऱ्यात ऑकर आणि लेमन यलोचा बोटभर पट्टा ओढला. जवसतेल, तुम्ही पैज जिंकलात. किरण काढलेच नाहीत, गरज वाटली नाही. बायकोने चहा ठेवता ठेवता विचारलं, "हे पवनेचं ना?"

आता नवीन भानगड. मागच्या महिन्यातलं एक चित्र धूळ नको म्हणून कपाटात ठेवलं होतं, काल काढलं तर आभाळ पिवळट पडलंय. रंग खराब निघाला का?

कोरडा ब्रश: रंग ठीक आहे. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. खिडकीशी, थेट ऊन लागणार नाही असं, काही दिवस ठेवा, बराचसा पिवळेपणा जाईल. आणि ओलं चित्र कपाटात नको, बुरशी लागेल.