एकट्याने व्यवसाय करणाऱ्यांचा अभ्यासगट नेमका चालवावा कसा?

एकखांबी
नमस्कार. मी ९ वर्षांपासून भाषांतराचा स्वतंत्र व्यवसाय करतो. हाताखाली कोणी नाही आणि डोक्यावरही कोणी नाही, त्यामुळे एखादा निर्णय चुकला तर तो चुकला हे सांगणारेही कोणी नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी सहा महिन्यांपूर्वी आम्ही सात जणांनी एक गट सुरू केला. त्यात दोन डिझायनर, एक छायाचित्रकार, एक हिशेबनीस आणि इतर तिघे स्वतंत्र व्यावसायिक आहेत. महिन्यातून एकदा दोन तास भेटावे आणि एकमेकांच्या अनुभवातून शिकावे, एवढाच हेतू होता.

पहिल्या दोन बैठका उत्तम झाल्या. पुढे मात्र जो अधिक बोलतो त्याचीच बैठक, असे होऊ लागले. मागच्या वेळी एका डिझायनरने आपल्या सर्वांत मोठ्या ग्राहकाने काम थांबवल्याचे सांगायला सुरुवात केली, आणि तिचे वाक्य पूर्ण होण्याआधीच चौघांनी चार उपाय सुचवले. ती समोर वही उघडून बसली होती. थोड्या वेळाने तिने काहीही न लिहिता पेनाला टोपण लावले. तेव्हापासून मी विचार करतो आहे की अशा गटाला ठरीव पद्धत असावी का, उत्पन्नाचे खरे आकडे एकमेकांपुढे मांडावेत का, आणि एकाच व्यवसायातील दोघे एका गटात असणे कितपत योग्य आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

ताळेबंद
पद्धत हवीच. ती नसेल तर गट टिकतो, पण गप्पांचा अड्डा म्हणून.

आमच्या सहा जणांच्या गटात एका बैठकीत दोनच जणांचे प्रश्न घेतले जातात आणि ते कोणाचे असतील हे आधीच्या बैठकीत ठरलेले असते. ज्याची पाळी असेल तो दहा मिनिटे आपली अडचण मांडतो आणि त्या काळात कोणी मध्ये बोलत नाही. त्यानंतरची वीस मिनिटे केवळ प्रश्न विचारायचे असतात. ‘तुम्ही असे का करून पाहत नाही?’ हा प्रश्नचिन्ह लावलेला सल्ला आहे, म्हणून तो त्या वेळात चालत नाही. शेवटी ज्याच्याकडे तशाच प्रसंगाचा अनुभव असेल त्याने ‘मी असे केले आणि त्याचे असे झाले’ एवढेच सांगायचे. अनुभव नसेल तर गप्प बसायचे. आमच्या गटाला हे शेवटचे कलम अंगवळणी पडायला जवळजवळ वर्ष लागले.

प्रश्नांवर एवढा भर का, हे एका प्रसंगावरून सांगतो. आमच्यापैकी एका बाईंची तक्रार होती की ग्राहक पैसे वेळेवर देत नाहीत. त्यांनी येणे रकमांची यादीच छापून आणली होती, आणि कडक स्मरणपत्र कसे लिहावे हे त्यांना आमच्याकडून हवे होते. प्रश्नांच्या फेरीत एकाने सहज विचारले, “काम संपल्यावर बिल किती दिवसांनी जाते?” बाईंनी यादीतल्या पहिल्या ओळीवर बोट ठेवले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. बहुतेक बिले काम सोपवल्यानंतर महिना-दीड महिन्याने गेलेली होती. आम्ही लगेच सल्ले द्यायला लागलो असतो, तर स्मरणपत्रांचे उत्तमोत्तम मसुदे त्यांच्या हाती पडले असते आणि मूळ दुखणे जागच्या जागी राहिले असते. माणूस प्रथम जे सांगतो ते बहुधा लक्षण असते.

ही कल्पना नवी नाही. ब्रिटनमधील व्यवस्थापनतज्ज्ञ रेग रेव्हान्स यांनी १९४० च्या दशकात कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांना छोट्या गटांत बसवून एकमेकांच्या खाणींतील अडचणींवर बोलायला लावले. शिकणे म्हणजे ठरीव ज्ञान आणि नेमके प्रश्न यांची बेरीज, असे त्यांनी नंतर सूत्रच मांडले. तज्ज्ञ बेरजेतला पहिला आकडा देऊ शकतो. दुसरा मात्र त्याच चिखलात उभ्या असलेल्या माणसांकडून अधिक चांगला मिळतो, असा माझाही अनुभव आहे.

आकड्यांबद्दल म्हणाल तर ते मांडावेत. ‘सध्या जरा ओढाताण आहे’ या वाक्यावर कोणालाच प्रश्न विचारता येत नाही, पण खेळते भांडवल किती महिने पुरेल हे सांगितले की चर्चा जमिनीवर येते. ताकाला जाऊन भांडे लपवायचे असेल तर त्या दोन तासांत घरी बसून काम केलेले बरे.

पाटीपेन्सिल
वरील मताशी सहमत आहे. एकच भर घालतो. ज्याने अडचण मांडली त्याने उठण्यापूर्वी ‘पुढच्या भेटीपर्यंत मी अमुक करीन’ असे एक वाक्य वहीत लिहावे, आणि पुढची बैठक ते वाक्य वाचूनच सुरू व्हावी. आमच्याकडे घड्याळ सांभाळण्याचे कामही पाळीपाळीने फिरते, कारण ते एकाच माणसाकडे राहिले की तो नकळत गटाचा मालक होतो.

शंकेखोर
मी थोडा विरोधी सूर लावतो, कारण माझा गट दोन वर्षांत मोडला. एका सदस्याने बैठकीत आपल्या नाराज ग्राहकाविषयी मोकळेपणाने सांगितले आणि काही आठवड्यांनी तोच ग्राहक दुसऱ्या सदस्याकडे काम देऊ लागला. मुद्दाम काही घडले होते की नाही, हे शेवटपर्यंत कळले नाही. पण त्यानंतर प्रत्येक जण हातचे राखून बोलू लागला, आणि असा गट दोन-तीन बैठकांतच संपतो. म्हणून एकाच ग्राहकवर्गावर जगणारे दोघे एका गटात नसावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय समव्यावसायिकांनी एकत्र बसून दर ठरवणे अनेक देशांच्या स्पर्धा कायद्यांत निषिद्ध आहे. आपला गट छोटा आहे म्हणून तो विषय हसण्यावारी नेऊ नये.

दुसरे असे की गटाला सर्वज्ञ समजू नये. करार, कर किंवा कायद्याचा प्रश्न असेल तर सात अनभिज्ञ माणसांचे एकमत हे अज्ञानच राहते. तिथे जाणकाराला शुल्क देऊन विचारावे. आणि सदस्य एकमेकांनाच आपली सेवा विकू लागले, की तो अभ्यासगट राहत नाही.

जुनी पाने
बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७२७ मध्ये फिलाडेल्फियात कारागीर आणि व्यावसायिक मित्रांचे जे मंडळ काढले, त्यात ठाम, हेकेखोर विधान करणाऱ्याला किंवा दुसऱ्याचे म्हणणे थेट खोडून काढणाऱ्याला किरकोळ दंड भरावा लागे. सदस्यसंख्या बारापुरती मर्यादित होती. मित्रांना आत घेण्याची मागणी वाढली, तेव्हा हे मंडळ न वाढवता सदस्यांनी स्वतःची वेगळी मंडळे काढावीत, असा तोडगा फ्रँकलिन यांनी सुचवला. सल्लागारांच्या गर्दीचा त्रास तेव्हाही असावा!

एकखांबी
सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या बैठकीत पहिली पाळी त्या डिझायनरलाच द्यायची, असे मी कालच सर्वांना कळवले आणि तिनेही होकार दिला. आमच्या दोन डिझायनरांपैकी एक पुस्तकांची मुखपृष्ठे करते आणि दुसरी संकेतस्थळे, म्हणजे ग्राहक वेगळे आहेत. तरीही शंकेखोर यांचा अनुभव वाचून मी दोघींशी आधी स्वतंत्रपणे बोलणार आहे. एक अडचण उरते. आमच्यातील सर्वांत जास्त सल्ले देणारे गृहस्थ वयाने आणि अनुभवाने सर्वांत मोठे आहेत. त्यांना अडवायचे कोणी?

ताळेबंद
पहिल्या दिवशी घड्याळ त्यांच्याच हाती द्या.