मदत हवी आहे: स्टीम हेडरचं डायल गेज आणि पॅनेलवरचा डिजिटल आकडा जुळत नाही

मंडळी, इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाऊसचं मेंटेनन्स बघतो. बॉयलर १०.५४ किलोचा (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर तेवढ्या किलोचा दाब), लाकडावरचा. हेडरवर, म्हणजे वाफ पुढे वाटणाऱ्या मुख्य पाइपवर, जुनं डायल गेज आहे. अलीकडे ० ते १६ बारचा, ४ ते २० मिलिअँपिअरचा प्रेशर ट्रान्समीटर घेतला (० बारला ४, १६ बारला २० मिलिअँपिअर करंट देतो). त्याचा आकडा पॅनेलवरच्या इंडिकेटरवर येतो. वर उष्णता फार, म्हणून ट्रान्समीटर खाली भिंतीवर बसवलाय. हेडरपासून त्याच्यापर्यंत नळी सरळ खाली आलीय, उंचीतला फरक ५ मीटर.

डायल ७ किलोवर असतो तेव्हा पॅनेलवर ७.३५ बार दिसतं. ७ किलो म्हणजे ६.८६ बार, म्हणजे पॅनेलचा आकडा डायलपेक्षा कमी यायला हवा. इथे जास्त येतोय.

डायल गेज कॅलिब्रेट करून आणलं, ठीक निघालं. ट्रान्समीटर काढून टेबलावर लावला तर बरोबर ४.०० मिलिअँपिअर. लाइनवर असताना मल्टिमीटर सिरीजमध्ये लावला तर ११.३५, म्हणजे इंडिकेटर आलेला करंट नीट वाचतोय. विजेचा व्यत्यय येतोय का म्हणून एफडी पंख्याची (बॉयलरला हवा देणारा पंखा) वेग बदलणारी ड्राइव्ह बंद करून पाहिली, फरक नाही. एक गोष्ट मात्र कळत नाही: सुट्टीनंतर बॉयलर थंड, हेडरचा व्हेंट उघडा, डायल शून्यावर, तरी पॅनेलवर ०.५!

पॅनेलवर ८ आलं की पंखा बंद होतो, त्यामुळे वाफ खरी कमीच मिळते आणि जिगरवर (कापड रंगवायच्या मशीनवर) रंगाला उकळी यायला वेळ लागतो. त्याहून वाईट म्हणजे अटेंडंट आता पॅनेलकडे बघतच नाहीत. ट्रान्समीटर बदलायचा का? की नळीतलं पाणी काढून टाकू?

प्रतिसाद १
भाऊ, ट्रान्समीटर बदलू नका, तो खरं सांगतोय. वाफ नळीत थंड होऊन पाणी झालीय आणि ५ मीटर पाण्याचा स्तंभ त्याच्या डोक्यावर उभा आहे. १० मीटर पाणी म्हणजे १ किलो, म्हणून तुमचं ५ मीटर अर्धा किलो, ०.४९ बार. ६.८६ मध्ये मिळवा, ७.३५ येतं. थंड बॉयलरवर दिसणारं ०.५ तेच. टेबलावर पाणी नव्हतं, म्हणून तिथे शून्य आलं.

पाणी काढायचा विचार सोडा. त्या पाण्यामुळेच वाफ थेट सेन्सरच्या पडद्याला लागत नाही, आणि काढलं तरी थोड्या वेळात पुन्हा भरेलच. म्हणून तर डायल गेजखालीही सायफनचा वेटोळा (पाणी धरून ठेवणारी वळवलेली नळी) असतो.

इंडिकेटरमध्ये आधी एकक किलो करा: ४ मिलिअँपिअरला ०, २० ला १६.३२. मग ऑफसेट (दाखवायच्या आकड्यात करायची ठरावीक बेरीज-वजाबाकी) उणे ०.५०. आता डायल आणि पॅनेल एकाच भाषेत बोलतील. पण पंख्याचा कटऑफ इंडिकेटरच्याच रिलेवर (आतल्या स्विचवर) आहे की करंट थेट पीएलसीत, म्हणजे वेगळ्या कंट्रोलरमध्ये, जातो? पीएलसीत जात असेल तर हाच बदल तिथेही करावा लागेल, नाहीतर पॅनेल बरोबर आणि पंखा चुकीच्या प्रेशरला बंद, असं होईल. ८ ही सेटिंगसुद्धा आता बार नव्हे, किलोत धरली जाईल, हे अटेंडंटना सांगा.

धागाकर्ता
रिले इंडिकेटरचाच आहे. नळी भरलेली असतानाच, व्हेंट उघडा ठेवून शून्य तपासायचं ना?

प्रतिसाद १
हो, थंड बॉयलरवर आणि नळीत वरपर्यंत पाणी असताना. ट्रान्समीटरचा झिरो स्क्रू अजिबात हलवू नका, फक्त ऑफसेट. पुढे कधी ट्रान्समीटर वर-खाली हलवलात तर ऑफसेट पुन्हा मोजा. ट्रान्समीटरच्या शेजारी ही ५ मीटरची नोंद पत्र्यावर लिहून ठेवा, पुढच्या माणसाला लागेल.