‘रीफ वॉल’ आणि ‘सिंकहोल’ यांना मराठीत काय म्हणावं?

दांडिया बाजार, वडोदरा :
स्कूबाचा अॅडव्हान्स्ड कोर्स झालेल्या मित्रमैत्रिणींसाठी मराठीत टिपण लिहितेय. अर्धं अंदमानातल्या प्रवाळांवर, अर्धं मेक्सिकोत युकातानला असलेल्या गोड्या पाण्याच्या सिंकहोलांवर. रीफला शाळेच्या पुस्तकात प्रवाळभित्ती म्हणतात. मग रीफ वॉल म्हणजे ‘प्रवाळभित्तीची भिंत’? आणि सिंकहोलला वर्तमानपत्रं भगदाड म्हणतात, ते रस्त्याला शोभतं. जाणकारांनी सुचवावं.

रावपुरा :
ताई, सिंकहोलला सरळ ‘वाव’ म्हणा. नवलखी वाव आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. खोल, आणि गोडं पाणी.

कारेलीबाग :
वाव नको. वाव माणसानं बांधलेली, पायऱ्यांची. हा शब्द इथल्या गुजरातीतून आपल्या तोंडी बसला. महाराष्ट्रात तिला बारव म्हणतील. शिवाय मराठीत वाव म्हणजे एक तर मोकळीक, नाहीतर दोन्ही हात पसरून होणारं लांबीचं माप. पाण्याखालच्या टिपणात ‘वाव’ आली तर वाचक खोली मोजायला लागेल.

आधी भिंतीचं बघू. प्रवाळभित्तीतली ‘भित्ती’ म्हणजे समुद्रात उभी राहिलेली अख्खी रांग. पाणबुडे ज्याला वॉल म्हणतात ती त्या रांगेची सरळ खाली तुटलेली बाजू. सह्याद्रीत अशा बाजूला आपण कडा म्हणतो, तेव्हा ‘प्रवाळकडा’ लिही. केमन बेटांतला ब्लडी बे वॉल जेमतेम सहा मीटरवर सुरू होतो आणि शेकडो मीटर खाली जातो. अशा ठिकाणी खोली नकळत वाढते. पायाखाली तळ दिसत नाही, पाणी नितळ असतं, नजर समोरच्या प्रवाळांवर खिळलेली असते. त्यात खाली जाईल तसा दाबानं सूट आवळला जातो, अंगाची तरंगण्याची शक्ती कमी होते आणि माणूस आणखी खाली ओढला जातो. तिसेक मीटरनंतर नायट्रोजनची गुंगी चढू शकते, आणि हौशी डायव्हिंगची मर्यादा 40 मीटर. भिंत म्हटलं की आधार वाटतो. कडा म्हटलं की मराठी माणूस जपून पाय टाकतो. अनुभवी माणसालाही तिथे तेच हवं.

सिंकहोल अवघड आहे, कारण दख्खनचा काळा पाषाण पाण्यात असा विरघळत नाही. चुनखडक विरघळतो. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, खडक आतून पोखरतं, आणि शेवटी पोकळीचं छत कोसळतं. निघोजचे रांजणखळगे यात बसत नाहीत, ते कुकडीच्या प्रवाहात गोटे फिरून घासले गेलेत. कुणी ‘विवर’ सुचवेल, पण लोणारमुळे तो शब्द उल्कापाताशी जोडला गेलाय. युकातानात तर घोटाळाच होईल : 6.6 कोटी वर्षांपूर्वी उल्कापातानं झालेल्या चिक्शुलूब विवराच्या कडेनंच सिंकहोलांची कमान पसरली आहे.

माझं मत ‘विहीर’ला. तिथले माया लोकही तसंच म्हणत आले. चिचेन इत्सा या त्यांच्या जुन्या शहराच्या नावाचा अर्थच ‘इत्सा लोकांच्या विहिरीच्या तोंडाशी’. मथळ्याला भारदस्त शब्द हवा असेल तर अमरकोशातला ‘देवखात’ घे : माणसानं न खणलेलं, निसर्गतः झालेलं तळं. इतका नेमका शब्द पडून राहू नये असं मला फार वाटतं.

दांडिया बाजार :
काका, कडा घेतला, देवखातही. विहिरीबद्दल मात्र शंका आहे. विहिरीवर आकाश असतं. युकातानात खरी जोखीम आडव्या फाट्यांत, जिथे डोक्यावर दगड येतो आणि सरळ वर येताच येत नाही. कॅव्हर्न आणि केव्ह हा फरक आम्हाला फार कडकपणे शिकवतात.

कारेलीबाग :
शंका रास्त आहे. मग तीन शब्द ठेव. वर आकाश असेल तोवर विहीर. छताखाली गेलीस पण तोंडाचा उजेड दिसतोय, तोवर ‘कपार’. उजेड सुटला की ‘भुयार’. भुयाराच्या नियमांना तर मराठी अडतच नाही : उघड्या पाण्यापासून सलग दोर, माणशी तीन दिवे, हवेचा एक तृतीयांश जाताना, एक येताना, एक राखून. आणि पाय असे मारायचे की गाळ उठणार नाही.

रावपुरा :
गोड्या पाण्याखाली समुद्राचं पाणी लागतं, त्या हॅलोक्लाइनला काय म्हणायचं?

कारेलीबाग :
‘खारसीमा’ चालेल. तिथे दोन पाणी मिसळतात आणि दिसणं धूसर होतं. समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड, म्हणजे साहित्यासह शंभर किलोचा माणूस खारसीमा ओलांडताच अडीचेक किलोनं हलका होऊन वर उचलला जातो. टिपणात हे जरूर घाल. फक्त पहिल्या वेळी ‘हॅलोक्लाइन म्हणजे खारसीमा’ असं स्पष्ट लिही, कारण तिथला गाईड हॅलोक्लाइनच म्हणणार.