इंटर्नच्या मनातला छुपा पूर्वग्रह मोजायचा कसा?

दमलेला_एमबीबीएस: सेकंड इयरला आहे, आयसीएमआरच्या एसटीएससाठी (एमबीबीएसवाल्यांना छोटं संशोधन करायला मिळणारी स्टुडंटशिप) प्रपोजल लिहितोय. विषय, इंटर्न आणि रेसिडेंट पेशंटची जात-गरिबी बघून नकळत वेगळं वागतात का. गाइड म्हणाले आयएटी घे, झालं. म्हणजे ती १९९८ सालची छुपा कल मोजणारी इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट, स्क्रीनवर चेहरे नि शब्द येतात, पटापट की दाबायच्या, किती मिलिसेकंद लागले त्यावरून स्कोअर. पण आपल्याकडे चेहऱ्यावरून काय डोंबल कळणार, इथे सगळं आडनावावर चालतं ना?

पीएसएम_पीजी: नुसत्या आयएटीवर जाऊ नकोस बाबा. २००७ मध्ये बोस्टन-अटलांटाच्या रेसिडेंट्सना हार्ट अटॅकची कागदी केस दिली होती, तोंडाने सगळे म्हणाले आम्ही भेदभाव करत नाही, पण आयएटीत गोऱ्यांकडे जास्त झुकलेले काळ्या पेशंटला थ्रॉम्बोलिसिस (रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध) द्यायला कमी तयार होते. मग २०११ ला जॉन्स हॉपकिन्सच्या फर्स्ट इयरवाल्यांत ६९ टक्के गोऱ्यांकडे झुकलेले निघाले पण कागदी केसच्या उत्तरांत त्या झुकण्याने काहीच फरक नाही. त्यात एकच माणूस परत बसला की स्कोअर बदलतो, त्यामुळे कुणा एकाला 'तू जातीयवादी' म्हणता येत नाही. त्यापेक्षा एकच केस, फक्त आडनाव बदल, अर्ध्यांना ही अर्ध्यांना ती, चिठ्ठ्या टाकून वाट.

ओपीडीतली_सिस्टर: एवढं कशाला, ओपीडीच्या दारात उभा राहा. कुणाला 'या मॅडम, बसा' आणि कुणाला 'ए मावशे, कागद दाखव', तेवढं मोज. अरे-तुरे कुणाला नि अहो-जाहो कुणाला, लगेच कळतं.

पीएसएम_पीजी: सिस्टर भारी आयडिया, पण हा पॅड घेऊन उभा राहिला की सगळेच अहो-जाहो करणार 😄

ओपीडीतली_सिस्टर: दोन दिवस करतील, तिसऱ्या दिवशी गर्दी वाढली की येतात मूळपदावर. फक्त 'अगं आजी' वेगळं धर हं, ते कधीकधी मायेनं असतं, आजीला विचार कसं वाटलं.

दमलेला_एमबीबीएस: थँक्यू दोघांना. हे वाचून काल मी लिहिलेल्या दोन पेशंटच्या हिस्टरी काढून बघितल्या. दोघांनाही खोकला, एक बँकेतले काका, एक ऊसतोड कामगार. काकांना तंबाखूचं विचारलं होतं. दुसऱ्याच्या कागदावर न विचारताच 'तंबाखू: हो' लिहून टाकलंय.