एलपीजीची भरलेली रेक लूपवर थांबते तेव्हा आराखड्यात काय लिहायचं?

सायडिंगवाला:
नमस्कार मंडळी. एका बॉटलिंग प्लान्टचा ऑफ-साइट आराखडा (प्लान्टच्या कुंपणाबाहेरच्या आणीबाणीचा) नव्याने लिहायचा आहे. माल बीटीपीजीएलएन वॅगनमधून (एलपीजीच्या टाकीवाल्या) येतो: ३२ वॅगनची रेक, म्हणजे एकत्र जोडलेली गाडी, एका वॅगनमध्ये सुमारे ३७ टन. गॅन्ट्रीवर (प्लान्टमधल्या गॅस उतरवायच्या लाइनवर) एका वेळी अर्धीच रेक लागते. उरलेली अर्धी, कधीकधी अख्खी, स्टेशनच्या लूपवर (मुख्य मार्गालगतच्या बाजूच्या लाइनवर) उभी असते. लूपला १:४०० उतार आणि कुंपणापलीकडे लगेच वस्ती. जुन्या आराखड्यात गॅन्ट्रीवरच्या गळतीवर पानंच्या पानं आहेत, पण लूपवरच्या रेकबद्दल एकच ओळ: 'रेल्वेशी समन्वय साधावा'. त्या ओळीच्या जागी नेमकं काय यावं? कायद्यांची नावं नकोत, प्रत्यक्ष तपासायच्या गोष्टी हव्यात.

ब्रेकपाइप:
आधी उताराचा हिशेब करा, म्हणजे बाकीचं आपोआप सुचेल. भरलेली वॅगन ७९ टनांच्या आसपास, म्हणजे रेक अडीच हजार टनांची. १:४०० वर तिला खाली ओढणारा जोर सव्वासहा टन, दर टनाला अडीच किलो. उभी गाडी जागची हलवायला यापेक्षा जास्त जोर लागतो, म्हणून रेक नुसती सोडली तरी उभी राहते आणि बघणाऱ्याला वाटतं ब्रेक लागलेत. पण शंटिंगचा (वॅगन इकडून तिकडे हलवण्याचा) एक धक्का बसून चाकं फिरली, की रोलर बेअरिंगचा विरोध टनाला किलो-दीड किलोवर येतो. मग ती थांबत नाही, वेग घेत जाते. स्टेशन यार्डाला १:४०० ही कमाल मर्यादा आहे, शिफारस १:१२०० ची. तेव्हा 'नियमात बसतो' एवढ्यावर समाधान मानू नका.

दुसरी फसवी गोष्ट हवेची. इंजिन जोडलेलं असताना ब्रेक पाइपमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब असतो. इंजिन निघताना हवा सोडली की ब्रेक घट्ट बसतात, पण सिलिंडरमधली हवा हळूहळू झिरपते. एखादी वॅगन रात्रभर धरून ठेवते, शेजारची दोन तासांत सैल पडते. म्हणून उभ्या रेकच्या हिशेबात हवेचा ब्रेक शून्य धरायचा, भरवसा फक्त हँडब्रेकवर.

कॅनडात लॅक-मेगँटिकला जुलै २०१३ मध्ये हेच झालं. कच्च्या तेलाच्या ७२ टाक्यांची गाडी १.२ टक्के उतारावर लावली होती आणि ७ हँडब्रेक ओढले होते. ते धरतात का याची चाचणी घेतली, पण इंजिनचा हवेचा ब्रेक लागलेला असताना. त्यामुळे गाडी हलली नाही आणि चाचणी 'पास' झाली. नंतर त्या इंजिनला आग लागली, ते बंद केलं, कॉम्प्रेसर थांबला, हवा उतरली आणि गाडी सुटली. ४७ माणसं गेली. किमान १७, कदाचित २६ हँडब्रेक लागले असते, असं चौकशीत निघालं. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये कठुआहून खडीची मालगाडी चालकाविना सुटली आणि सुमारे ७० किलोमीटर जाऊन पंजाबात उच्ची बस्सीला थांबली. त्यात खडी होती म्हणून निभावलं.

तर आराखड्यात हे क्रमाने यावं. दोन्ही टोकांचे किमान सहा-सहा हँडब्रेक पूर्ण आवळलेले (तुमच्या झोनच्या सबसिडियरी रूलमध्ये, म्हणजे रेल्वे विभागाच्या पूरक नियमांत, आकडा बघा, उतार जास्त असेल तर वाढवा). अर्धी रेक तोडल्यावर हा हिशेब दोन्ही तुकड्यांना स्वतंत्र लागू होतो. सगळ्यात जास्त चूक इथेच होते, कारण मधल्या तुटलेल्या टोकाचे ब्रेक कुणाच्याच यादीत नसतात. मग इंजिनचे ब्रेक सोडून हलका धक्का देऊन बघायचं. रेक जागेवर राहिली तरच इंजिन काढायचं. त्यानंतर चाकांखाली लाकडी वेज, रुळाला साखळी-कुलूप. वॅगन क्रमांकांसह नोंद स्टेशन मास्तरच्या रजिस्टरमध्ये आणि तिची प्रत प्लान्टच्या कंट्रोल रूममध्ये. ब्रेक चाकाला खरंच टेकलाय का, हे ब्लॉकला लाथ मारून कळतं. हँडब्रेकचं चाक जड फिरतंय म्हणजे ब्रेक लागला असं नव्हे; लिंकेज (चाकापासून ब्लॉकपर्यंतचे दांडे) गंजून अडकलं तरी ते जडच फिरतं.

आणि लूज शंटिंग (इंजिनला न जोडता वॅगन ढकलून सोडणं) अजिबात नाही. अशा वॅगनचं शंटिंग ताशी ८ किलोमीटरच्या आत.

ट्रॅक्शन_दादा:
वरचं सगळं मान्य. दोन गोष्टी जोडतो.

लूप विद्युतीकरण झालेली असेल आणि गॅन्ट्रीची लाइन नसेल, तर मधे रुळांना इन्सुलेटेड (वीज न जाऊ देणारा) जोड असतो. इंजिनाच्या विजेचा रुळांतून परत जाणारा प्रवाह गॅन्ट्रीपर्यंत पोचू नये म्हणून. पण गाडी त्या जोडावर उभी राहिली की चाकं-ॲक्सलमार्फत दोन्ही बाजू पुन्हा जोडल्या जातात आणि जोड असून नसल्यासारखा. म्हणून एक जोड पुरत नाही. दोन जोड हवेत, आणि त्यांच्यातलं अंतर आत येणाऱ्या सगळ्यात लांब तुकड्यापेक्षा जास्त हवं. अर्धी रेक येते म्हणून आखलेल्या सायडिंगमध्ये पुढे कुणीतरी दोन वॅगन जास्त ढकलतो, आणि ते वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. नकाशावर मोजा, मग जागेवर जाऊन टेप लावा.

दुसरं, लूपवरच्या वॅगनचा व्हॉल्व्ह गळतोय म्हणून तुमचा माणूस वर चढणार असेल तर आधी वरच्या तारेतली २५ केव्ही वीज बंद करून तार अर्थ केलेली (जमिनीला जोडलेली) हवी. हे कुणी, कुणाला, कोणत्या फोनवरून सांगायचं, तेवढं नावानिशी नाही तरी पदानिशी लिहा. अग्निशमनवाल्यांच्या पाण्याच्या फवाऱ्यालाही हीच अट.

वाऱ्याची_दिशा:
वस्तीचा मुद्दा अजून कुणी घेतला नाही. एलपीजीची वाफ हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असते. ती रुळालगतच्या गटारातून, मोरीतून, भुयारी मार्गातून सखल भागात जाते आणि तिथे चूल किंवा स्कूटर तिची वाट बघत असते. इटलीत व्हियारेज्जोला २००९ मध्ये ॲक्सल तुटून टाकी फुटली, गॅस स्टेशनलगतच्या घरांत शिरला आणि मग पेटला. ३२ जण गेले.

त्यामुळे लूपच्या दोन्ही बाजूंची गटारं कुठे उतरतात हे नकाशावर काढा. सुरुवातीचे आकडे असे धरा: नुसती गळती असेल तर सर्व बाजूंनी १०० मीटर मोकळे, गळती मोठी असेल तर वाऱ्याच्या दिशेने ८०० मीटर. टाकीला आगीची झळ लागत असेल तर सगळीकडून १६०० मीटर. गळती बंद करता येत नसेल तर व्हॉल्व्हवरची ज्योत विझवू नका. टाकी गार ठेवा आणि तिला जळू द्या. विझवलेल्या ज्योतीमागून न दिसणारा ढग साचतो, तो जास्त वाईट. पाणी मुख्यतः टाकीच्या वरच्या भागावर, म्हणजे द्रवाच्या पातळीच्या वर, जिथे पत्र्याला आतून गारवा नसतो. त्यासाठी लूपजवळ हायड्रंट (आग विझवायच्या पाण्याचा नळ) आहे का? बहुतेक प्लान्टमध्ये तो कुंपणाच्या आतच संपतो.

वाऱ्याची पिशवी लूपवरूनही दिसली पाहिजे. आणि वॅगनवरच्या धोक्याच्या पाटीवरचा यूएन क्रमांक १०७५ (एलपीजीची ओळख सांगणारा) स्टेशनवरच्या पॉइंट्समनलाही वाचता आला पाहिजे.

सायडिंगवाला:
हायड्रंट कुंपणाच्या आतच आहे, आजच बघून आलो. एक शंका: रेक वस्ती टाळून दुसऱ्या मार्गाने मागता येते का?

ब्रेकपाइप:
मार्ग रेल्वे ठरवते, तुम्ही विनंती करू शकता. पण 'वस्ती कमी' एवढंच बघू नका. बोरघाट किंवा थळघाटात चढण १:३७ आहे. तिथे याच अडीच हजार टनांना खाली ओढणारा जोर ६७ टनांवर जातो. लांबचा वळसा म्हणजे जास्त किलोमीटर आणि वाटेत जास्त थांबे, आणि प्रत्येक थांब्याला वरचा सगळा हिशेब पुन्हा.

मार्गापेक्षा वाटेतल्या तपासणीबद्दल विचारा. अमेरिकेत ईस्ट पॅलेस्टाइनला २०२३ मध्ये रुळावरून घसरलेल्या मालगाडीचं तापत चाललेलं बेअरिंग तीन सेन्सरवर दिसलं होतं: भोवतालच्या हवेपेक्षा २१ अंश, मग ५७, मग १४१ अंश सेल्सिअस जास्त. धोक्याची मर्यादा ओलांडली ती थेट तिसऱ्यावर, आणि शेवटच्या दोन सेन्सरमध्ये तीसेक किलोमीटरचं अंतर होतं. तुमच्या स्टेशनच्या आधीचा हॉट ॲक्सल डिटेक्टर (असाच तापमान मोजणारा सेन्सर) किती लांब आहे ते विचारून घ्या. आणि रेक लूपवर आली की थांबायच्या आधी, चालत असतानाच दोन्ही बाजूंनी रोलिंग-इन तपासणी. उभ्या गाडीत गरम ॲक्सल हाताला लागतो, पण कुरकुरणारं बेअरिंग ऐकू येत नाही.

सायडिंगवाला:
बरं. साखळीच्या कुलपाची किल्ली कुणाकडे असावी, स्टेशनकडे की आमच्याकडे?

ट्रॅक्शन_दादा:
स्टेशन मास्तरकडे, एकच. गॅन्ट्रीवर लावलेल्या तुकड्याच्या कुलपाची तुमच्या शिफ्ट इनचार्जकडे. दोन्ही कुलपं वेगळ्या नंबरची घ्या.