प्रोटीन एस आणि पनीर

कुलकर्णी काकू, बी-३०२: सूनबाईचा रिपोर्ट आला. बाळंतपणाला तीन आठवडे झाले, डावी पोटरी सुजली म्हणून डॉप्लर सोनोग्राफी केली, तर शिरेत रक्ताची गाठ. आता म्हणतात प्रोटीन एस ३८ टक्केच आहे.

पाटील काका, ए-१०४: घाबरू नका वहिनी. रोज दोन अंडी, पनीर, मोड आलेले मूग. महिन्याभरात वर येतं की नाही बघा.

नेहा, सी-५०१: माझ्याकडे प्रोटीन पावडरचा न फोडलेला डबा आहे, पाठवू?

डॉ. मीनल, बी-६०४: थांबा थांबा 😄 हे ताटातलं प्रोटीन नाही, मुख्यतः यकृतात तयार होतं. रक्त गोठवणारे घटक असतात तसे ते गोठणं आवरणारेही असतात: अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी आणि त्याचा मदतनीस एस. हा लगाम सैल पडला की नको तिथे गाठ होते, बहुधा पायात.

पाटील काका: एस म्हणजे काय?

डॉ. मीनल: सिएटल! तिथे सापडलं म्हणून.

सेक्रेटरी: टाकी धुणार आहेत, ११ ते २ पाणी बंद.

कुलकर्णी काकू: म्हणजे जन्मजातच का गं? बाळालाही असेल?

डॉ. मीनल: रक्त कधी घेतलं होतं काकू?

कुलकर्णी काकू: ॲडमिट केलं त्याच दिवशी.

डॉ. मीनल: मग एवढ्यावरून काही ठरवू नका. गरोदरपणात प्रोटीन एस एरवीही उतरतं, बाळंतपणानंतर काही आठवडे कमीच राहतं. ताजी गाठ असतानाही आकडा फसवतो. वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी, चालू असताना तर सी आणि एस दोन्ही खाली, कारण दोघांनाही व्हिटॅमिन के लागतं. औषध थांबल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. तेव्हाही कमी आलं तर तिच्या माहेरी चौकशी. एका पालकाकडून येणारा दोष असेल तर बाळाला यायची शक्यता निम्मी.

पाटील काका: पण रक्त पातळ करायचं इंजेक्शनही आणि गोळीही? बिल फुगवायला ना?

डॉ. मीनल: नाही हो काका. वॉरफरिन सुरू केलं की प्रोटीन सी काही तासांत घसरतं, पण गोठवणारा प्रोथ्रॉम्बिन उतरायला काही दिवस घेतो. म्हणजे सुरुवातीला लगाम आधी सुटतो, घोडा मागाहून थकतो. ज्यांचं सी मुळातच कमी, त्यांची कातडी क्वचित काळी पडून मरतेसुद्धा. म्हणून किमान पाच दिवस आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, त्याचा आकडा) २ च्या वर टिकेपर्यंत इंजेक्शन सोडत नाहीत.

कुलकर्णी काकू: मेथी, पालक बंद करू?

डॉ. मीनल: बंद नको, रोज साधारण तेवढीच. एक दिवस जुडीभर आणि चार दिवस काहीच नाही, असं झालं की आयएनआर हलतो. आणि काकू, दम लागला किंवा छातीत दुखलं तर ग्रुपवर विचारत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. पुढे गर्भनिरोधक गोळ्यांचा विषय निघाला तर ही गाठ आधी सांगायची.

पाटील काका: मी अर्धा किलो पनीर आणून बसलोय.

कुलकर्णी काकू: पाठवा भावजी, बाळंतीण खाईल की.